गोवर निघालेला बरा?

राहू बेटाच्या ऊसपट्ट्यात एखाद्या पोराच्या अंगावर पुरळ दिसलं की दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो आणि कोणीतरी जाणतं माणूस सांगतंच, "गोवर निघालेला बरा, अंगातली उष्णता बाहेर पडते." शिकलीसवरली माणसंही माना डोलावतात, याचा जास्त वैताग येतो.

उष्णतेचा इथे काडीचाही संबंध नाही. गोवर विषाणूने होतो. पुरळ म्हणजे रोग बाहेर पडणं नव्हे, तर विषाणू रक्तातून अंगभर पसरल्याची खूण. त्याआधीच ताप, खोकला, लाल डोळे, गालाच्या आत मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके आलेले असतात. पुरळाच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना रोग देत असतं, आणि ते उठून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. उसाच्या फडाशेजारी मजुरांच्या कोप्या एकमेकींना खेटून असतात, तिथे डहाळा काय अडवणार?

"गोवर येऊन गेला की पोर दणकट होतं" हे तर धादांत खोटं. 2019 मध्ये 'सायन्स'मध्ये आलेला अभ्यास पाहा : लस न घेतलेल्या 77 डच मुलांनी गोवरानंतर इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिपिंडं गमावली होती. अशा मुलाला न्यूमोनियाही गाठू शकतो.

लस टाळायच्या सबबीही ठरलेल्या. "एक डोस झालाय की!" नवव्या महिन्यातला डोस शंभरातल्या साधारण 85 मुलांनाच पुरतो, म्हणून 16 ते 24 महिन्यांत दुसरा. "सर्दी आहे, नको." साध्या सर्दीत लस चालते. "लसीने स्वमग्नता येते." हा दावा ज्यावरून पसरला, तो 1998 चा लेख 'लॅन्सेट'ने 2010 मध्ये मागे घेतला. "पुढे मूल होत नाही." उलट याच लसीत रुबेलाचीही लस असते, ती पुढे पोटातल्या बाळाला बहिरेपण आणि हृदयदोषापासून वाचवते.

गोवर-रुबेला 2026 पर्यंत हद्दपार करायचं देशाचं उद्दिष्ट आहे. त्यासाठी 95 टक्के मुलांना दोन्ही डोस हवेत, आणि तेही गावोगाव, वस्तीवस्तीत. नुसती सरासरी फसवते : 2022 मध्ये मुंबईत गोवंडीत साथ भडकली, मुलं दगावली.

गुऱ्हाळावर, ऊसतोडीला आलेल्यांना वाटतं की लसीकरणाचं कार्ड गावाकडे राहिलं, तर इथे लस मिळणार नाही. मिळते, कोणत्याही सरकारी लसीकरण सत्रात, फुकट. तुमच्या गुऱ्हाळावर लस राहिलेली मुलं असतील तर आशाताईंना आजच कळवा.