डिझेलमधील गंधक आणि सुतासारख्या नळ्या
छोट्या उद्योजकाने यात पैसा घालावा काय?

पुणे-नगर रस्त्यावरील कोरेगाव भीमा आणि त्याला लागून असलेली सणसवाडी, शिक्रापूर, पुढे रांजणगावची औद्योगिक वसाहत हा सारा पट्टा डिझेलवर चालतो. ट्रक, टेम्पो, क्रेन, वीज गेल्यावर सुरू होणारे जनरेटर, त्यांची दुरुस्ती करणारी गॅरेजेस, या साऱ्यांवर हजारो कुटुंबांची रोजीरोटी अवलंबून आहे. म्हणून डिझेलमधील गंधक हा केवळ रसायनशास्त्राचा विषय नसून तो आपल्या धंद्याचाही विषय आहे.

ट्रकच्या टाकीत २०० लिटर डिझेल आहे असे धरू. त्याचे वजन साधारण १६६ किलो भरते. १९९५च्या सुमारास आपल्या देशात डिझेलमध्ये एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे एका टाकीत दीड किलोहून अधिक गंधक! ते इंजिनात जळून त्याच्या दुप्पट वजनाचा सल्फर डायऑक्साइड वायू धुराड्यातून बाहेर पडे आणि रस्त्यालगत राहणाऱ्यांच्या छातीत जाई. आज त्याच टाकीत फार तर १.६६ ग्रॅम गंधक असू शकते. दम्याच्या रोग्यांसाठी हा फरक लहान नाही.

हा बदल टप्प्याटप्प्याने झाला. २००० साली मर्यादा पाव टक्क्यावर आली. २००५ साली देशभर भारत स्टेज दोन लागू होऊन ती दहा लाख भागांत ५०० भाग झाली. २०१० साली देशभर ३५० भाग, तर निवडक शहरांत ५० भाग ठरले. त्या शहरांत पुणे व सोलापूर होते. २०१७च्या एप्रिलपासून ५० भागांची अट साऱ्या देशाला लागली आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे डिझेल आले. त्यात गंधक फक्त १० भाग. यासाठी सरकारी तेल कंपन्यांनी सुमारे ३५,००० कोटी रुपये खर्च केले.

एवढा पैसा कशाला लागला? तेलशुद्धीकरण कारखान्यात डिझेल ३०० ते ४०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून मोठ्या दाबाखाली हायड्रोजनबरोबर कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून नेतात. गंधक हायड्रोजनशी संयोग पावून वायुरूपाने वेगळे होते व पुढे त्यापासून शुद्ध गंधक मिळवतात. साधी गंधकयुक्त संयुगे लवकर तुटतात, पण डायबेन्झोथायोफिनच्या जातीची काही संयुगे फार चिवट असतात. शेवटचे थोडे गंधक काढण्यासाठीच दाब, हायड्रोजन आणि खर्च वाढत जातो.

दुसरा मार्ग द्रावकाचा. डिझेलमध्ये न मिसळणारा, पण गंधकाची संयुगे ओढून घेणारा द्रव, उदाहरणार्थ ॲसिटोनायट्राइल, त्यात घालून ढवळायचा. दोन थर वेगळे झाले की गंधकाचा काही भाग द्रावकात उतरतो. चहाच्या पत्तीतून रंग पाण्यात उतरावा तसाच हा प्रकार. मात्र द्रावक गंधकाबरोबर डिझेलचे चांगले घटकही ओढतो. म्हणून अनेक संशोधक आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने त्या संयुगांचे सल्फोन बनवतात. सल्फोन द्रावकात सहज जातात. हायड्रोजन लागत नाही, उष्णताही बेताची पुरते.

येथे बारीक नळ्यांचे तंत्र उपयोगी पडते. डिझेल आणि द्रावक दोन्ही एक मिलिमीटरहून अरुंद नळीत सोडले की ते माळेतल्या मण्यांप्रमाणे एकाआड एक वाहू लागतात. प्रत्येक मण्याला चारही बाजूंनी दुसरा द्रव भिडलेला असतो आणि गंधकाच्या रेणूला फार थोडे अंतर कापावे लागते. हे अंतर दहापट कमी केले की लागणारा वेळ शंभरपट कमी होतो. मोठ्या पिंपात ज्याला बराच वेळ ढवळावे लागते, ते अशा नळीत काही सेकंदांत किंवा मिनिटांत साधते. थोडाच माल एका वेळी नळीत असल्याने धोकाही कमी राहतो.

हे ज्ञान आपल्यापासून दूर नाही. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांनी सूक्ष्म नळ्यांच्या रिॲक्टरवर काम केले असून त्यांना २०२० सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले आहे. याच प्रयोगशाळेतील डॉ. विनय भांडारी, डॉ. विवेक रानडे व सहकाऱ्यांनी २०१६ साली आणखी एक वाट दाखवली. इंधनात पाणी मिसळून ते भोवरा निर्माण करणाऱ्या उपकरणातून फिरवायचे. तेथे तयार होणारे बुडबुडे फुटताना जी शक्ती सुटते, तिच्या जोरावर उत्प्रेरकाविना गंधक काढायचे.

आता मूळ प्रश्न. हिशेब साधा आहे. एका नळीतून मिनिटाला एक मिलिलिटर डिझेल गेले तर दिवसभरात दीड लिटरही होत नाही. १२,००० लिटरचा एक टँकर दिवसात शुद्ध करायचा तर आठ हजारांवर नळ्या लागतील. त्या साऱ्यांत प्रवाह सारखा राहिला पाहिजे, एकही तुंबता कामा नये. शिवाय द्रावक उकळवून परत मिळवण्याचा खर्च वेगळा. पंपावरचे डिझेल तर आधीच शुद्ध होऊन आलेले असते. तेव्हा या धंद्यात मोठ्या कारखान्यांशी स्पर्धा करण्याचा विचार छोट्या माणसाने सोडून द्यावा.

कोणी स्वस्त यंत्र दाखवून, जुन्या टायरपासून काढलेले तेल घरच्या घरी डिझेल करून विका असे सांगत असेल तर सावध राहावे. रबर पक्के करताना त्यात गंधक घालतात, म्हणून त्या तेलात एक टक्क्याच्या आसपास गंधक असते. द्रावक विषारी व ज्वालाग्राही असतात. आणि आय.एस. १४६० या मानकात न बसणारे तेल वाहनांचे डिझेल म्हणून विकणे हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखालील २००५च्या आदेशानुसार गुन्हा आहे. ट्रकमालकांनीही असले तेल घेऊ नये. नव्या गाड्यांतील धूर शुद्ध करणारे फिल्टर व उत्प्रेरक गंधकाने निकामी होतात. लिटरमागे वाचलेले चार पैसे एका दुरुस्तीत निघून जातात.

मग संधी कोठे? सूक्ष्म नळ्यांचे रिॲक्टर औषधे, रंग आणि महाग रसायने यांसाठी खरे उपयोगाचे आहेत, कारण तेथे माल थोडा आणि किंमत मोठी असते. अशा रिॲक्टरना अचूक खोदकाम, बारीक वेल्डिंग, पंप आणि गळती न होणारे जोड लागतात. सणसवाडी-रांजणगावच्या वर्कशॉपमध्ये काम शिकलेल्या आपल्या आय.टी.आय. व डिप्लोमाधारक तरुणांना हे काम जमण्यासारखे आहे. पालकांनी मुलांना या दिशेने घालावे. डिझेल शुद्ध करण्याचे काम कारखान्यांकडेच राहू द्यावे, पण ते यंत्र घडवणारे हात आपल्या भागातील असावेत, असे आम्हाला वाटते.