लहान आतड्याची सत्तर वर्षं

१९५४ हे साल लहान आतड्याच्या इतिहासात लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी इंग्लंडमधले डॉ. जॉन पॉली यांनी सिलिअ‍ॅक या पोटाच्या आजाराच्या रुग्णांमध्ये लहान आतड्याचं अस्तरच बिघडलेलं असतं, हे शस्त्रक्रियेत मिळालेल्या तुकड्यांवरून दाखवून दिलं. त्याच वर्षी अमेरिकेत मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर आणि सहकाऱ्यांनी, वजन उतरावं म्हणून लहान आतड्याचा मोठा भाग वगळून जोड देण्याची शस्त्रक्रिया जाहीर केली. खाल्लेलं अंगी का लागत नाही, याचा एकीकडे उलगडा होत होता आणि दुसरीकडे खाल्लेलं अंगी लागू नये अशी तजवीज चालली होती. अवयव तोच होता.

या दोन वाटा मला एकत्र पाहाव्या लागल्या त्या माझ्या धाकट्या बहिणीमुळे. तिला सिलिअ‍ॅक आहे आणि तिच्यावर वजन कमी करण्याची शस्त्रक्रियाही झाली आहे. हे सांगितलं की लोक हमखास विचारतात, ‘सिलिअ‍ॅकवाली माणसं तर वाळलेली असतात ना?’ हा प्रश्न नुसत्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचा नाही. कितीतरी वर्षं दवाखान्यांतही हाच समज होता, आणि त्यापायी अनेकांचं निदान रखडलं.

समज आला कुठून, तेही उघड आहे. १८८८ साली लंडनच्या सॅम्युअल गी यांनी या आजाराचं वर्णन केलं ते पोट फुगलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या मुलांवरून. पुढे डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय बळावला. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये अन्नाचा दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्यांच्याकडची सिलिअ‍ॅकची मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली. १९५०च्या आपल्या प्रबंधात त्यांनी गव्हाचा हा संबंध मांडला. वैद्यकातली ही फार मोठी कामगिरी आहे. या माणसाचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं, असं मला मनापासून वाटतं. पण या सगळ्यातून डोळ्यांसमोर राहिलं ते खंगलेलं मूलच.

मोठ्या माणसांचं चित्र वेगळं निघालं. २००६ साली उत्तर आयर्लंडमधल्या ३७१ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. निदानाच्या वेळी त्यातल्या ३९ टक्के लोकांचं वजन जास्त होतं, १३ टक्के तर लठ्ठ या गटात मोडत होते. वजन कमी असलेले जेमतेम ५ टक्के. शिवाय गहू बंद केला की आतडं सावरतं, अन्न अंगी लागू लागतं आणि पुष्कळांचं वजन आणखी चढतं. दुकानातल्या ‘ग्लुटेन-फ्री’, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन नसलेल्या, बिस्किटांत आणि केकमध्ये साखर-तूप हात राखून घातलेलं नसतं, त्याचीही भर पडते.

बहिणीचं असंच झालं. ती लग्नानंतर इंदूरला गेली. ते गव्हाचं राज्य; रविवारी दाल-बाफले, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी. तिचं हिमोग्लोबिन कधीच वर येत नसे. लोहाच्या गोळ्या बदलून झाल्या, बाळंतपणांवर खापर फोडून झालं. शेवटी एका पोटविकारतज्ज्ञाने टीटीजी ही सिलिअ‍ॅकसाठीची रक्ततपासणी सांगितली आणि पुढे दुर्बिणीतून तुकडा काढून निदान पक्कं झालं. उत्तर भारतात सिलिअ‍ॅक साधारण शंभरात एकाला आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या तीन विभागांतल्या पाहणीत उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के असं प्रमाण आढळलं. गहू सोडल्यावर तिचं रक्त भरलं, पण वजन वाढतच गेलं, मागोमाग मधुमेह आला आणि गुडघे बोलू लागले.

शस्त्रक्रियाही एव्हाना फार पुढे गेली होती. १९५४चा तो आतड्याचा वळसा मुतखडे आणि यकृताचे गंभीर बिघाड करू लागला, म्हणून १९८०च्या सुमारास मागे पडला. आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपास सुरू केला. १९९०च्या दशकात तो दुर्बिणीतून होऊ लागला. स्लीव्ह ही जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया आधी एका मोठ्या शस्त्रक्रियेचा पहिला टप्पा होती, मग ती स्वतंत्रपणे होऊ लागली.

खरी मेख इथे आहे. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट खालच्या आतड्याला जोडतात. त्यात ड्युओडिनम, म्हणजे लहान आतड्याचा पहिला वीसपंचवीस सेंटिमीटरचा भाग, अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. लोह आणि कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं आणि सिलिअ‍ॅकचा घावही सगळ्यांत आधी तिथेच बसतो. म्हणजे आजाराने जे अधू केलं, तेच शस्त्रक्रिया वगळते. शिवाय नंतर नेहमीची दुर्बीण त्या भागापर्यंत सहज पोचत नाही, त्यामुळे तिथला तुकडा काढून तपासणंही अवघड होतं. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढतात, पण आतड्याची वाट तशीच राहते. म्हणून सिलिअ‍ॅक असलेल्यांसाठी अनेक डॉक्टर स्लीव्हकडे झुकतात. आम्लपित्त फार असेल किंवा मधुमेह हट्टी असेल, तर हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

बहीण शस्त्रक्रियेसाठी पहिल्यांदा ज्या रुग्णालयात गेली, तिथल्या अर्जावर मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब असे रकाने होते. सिलिअ‍ॅकला जागा नव्हती. तिने सांगितलं, तर ‘पथ्य पाळताय ना, मग झालं’ म्हणून विषय मिटवला. शस्त्रक्रियेनंतरच्या आहाराचा छापील कागद तिने मला फोटो काढून पाठवला होता. त्यात बार्लीचं पाणी, माल्टचं पेय आणि रव्याची पेज, एकाखाली एक! बार्लीत आणि माल्टमध्येही ग्लुटेन असतंच. मला त्या कागदाचा आजही राग येतो. तिने दुसरीकडे दाखवलं. तिथे शल्यविशारद, पोटविकारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ तिघं एकत्र बसले. टीटीजी, फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता आधी पाहिली, आणि मग स्लीव्ह ठरली.

नंतरच्या आठवड्यांत घरात जे चाललं, ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. एका वेळी पोटात मावतं ते अर्धी वाटी, आणि दिवसाला प्रथिनं हवीत ६० ग्रॅम किंवा जास्त. त्यामुळे प्रत्येक घोट कामाचा हवा आणि निर्धोकही हवा. मुगाचं कढण, ताक, नाचणीची आंबील, गाळलेलं वरण यांवर गाडी चालली. पण वरणाच्या फोडणीतला डबीतला हिंगसुद्धा बघावा लागला, कारण त्यात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा मिसळलेला असतो. प्रथिनांच्या भुकटीच्या डब्यावर बारीक अक्षरांत माल्ट निघालं. मऊ खायची परवानगी मिळाली, तेव्हा आईने पुण्याहून मेतकूट नेलं. आजारपणातून उठलेल्याला मेतकूट-भात, हे आमच्या घरचं ठरलेलं.

‘आई, यात गहू घातलायस का गं?’

‘मूठभरच घातलाय, खमंग होतं म्हणून.’

आईने बरणी उचलून पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद स्वतः भाजून, नव्या मिक्सरच्या भांड्यात दळलं. जुन्या भांड्यात कणीक-रवा दळला गेला होता. गिरणीतून आणलेलं ज्वारीचं पीठही याच कारणाने बाद झालं. गिरणीत आधी गहू दळलेला असतो. भाकरी अंगाला मानवायला बरेच महिने गेले.

तिला सगळ्यांत जड गेला तो संभ्रम. पोट दुखलं, जुलाब झाले, तर ते भराभर खाल्ल्याने, दूध न पचल्याने की कुठून गहू गेल्याने? लक्षणं सारखीच. केस गळाले, तेही शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांचे गळतात; पण तिच्या बाबतीत लोह आणि टीटीजी दोन्ही पाहिल्याशिवाय डॉक्टर सोडत नसत, आणि ते योग्यच होतं. उलट्या लांबल्या तर बी-१ जीवनसत्त्व झपाट्याने घटतं, हेही त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं.

आता तिची साखर आटोक्यात आहे, गुडघे बरे आहेत. कॅल्शियम सायट्रेट, लोह आणि बी-१२ नियमाने चालू आहे. वर्षातून एकदा सगळ्या तपासण्या होतात, आणि हे जन्मभर चालायचं आहे. तिच्या ओळखीपाळखीतल्या बायका तिला फोन करून विचारतात, स्लीव्ह करू की बायपास? ती आधी एवढंच विचारते, ‘टीटीजी केलीस का? आणि केलीस तेव्हा गहू खात होतीस ना?’ कारण गहू सोडून काही महिने झाले, की रक्तातल्या त्या खुणा पुसट होतात आणि अहवाल ‘सगळं ठीक’ म्हणतो.