करमाड ते शेंद्रा: कामावर जायला सायकल कुठली घ्यायची?

आजच्या भागात आकडे जरा जास्त आहेत, म्हणून तो लिहूनही टाकतोय. दुकानात उभं राहून मोबाईलवर बघता येईल.

प्रश्न एकच आहे, आणि तो मला करमाडच्या बऱ्याच पोरांनी विचारलाय. शेंद्र्याला एमआयडीसीत किंवा ऑरिकमध्ये काम लागलंय, सुरुवातीचा पगार बेताचाच आहे, आणि घरचे म्हणतात हप्त्यावर मोटारसायकल घे. सायकलवर भागेल का?

आधी पैशांचं बघू. अंतर तुमचं गेट कुठलं त्यावर आहे, पण आपण एका बाजूने ८ किलोमीटर धरू. जाऊन-येऊन १६, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ४१६ किलोमीटर. लिटरला ५० चं अ‍ॅव्हरेज देणारी गाडी यात सव्वाआठ लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. १०५ रुपये लिटर धरलं तर साडेआठशे-नऊशे रुपये झाले. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग वेगळं. साडेसहा-सात हजारांची सायकल नुसत्या पेट्रोलमध्ये सात-आठ महिन्यांत फिटते.

आता वेळेचं. शिफ्टला पाच मिनिटं उशीर म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. साध्या बिनगिअरच्या सायकलला पुढे ४४ दाते आणि मागे १८ दाते असले, तर पायडलच्या एका फेरीत मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २६ इंची चाकाचा घेर साधारण २ मीटर, म्हणजे एका फेरीत ५ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या, अगदी आरामात मारल्या, तरी ताशी १८ किलोमीटर होतात. आठ किलोमीटरला सत्तावीस मिनिटं. चौकात थांबणं, धाप लागणं धरून पस्तीस. आत जाऊन तोंड धुवायला दहा मिनिटं वेगळी ठेवा.

हे झालं हवा शांत असताना. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो आणि करमाडहून शेंद्रा पश्चिमेला आहे. जून ते ऑगस्ट जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. बिनगिअरची घेणार असाल तर मागे २० दातांचं फ्रीव्हील बसवून मागा. वेग थोडा कमी होतो, पण गुडघे वाचतात. रस्ता घाटाचा नाही, त्यामुळे २१ गिअरची गरज मला तरी दिसत नाही. गिअर पाहिजेतच तर मागे ६-७ असले की पुष्कळ झाले.

दुकानात गेलात की पहिली पुढे येते ती रेंजर. जाड टायर, पुढे-मागे शॉकअप, डिस्क ब्रेक, भडक रंग. दिसते भारी, मान्य. पण स्वस्तातला शॉकअप म्हणजे लोखंडी स्प्रिंग. तुम्ही जोर पायडलला देता आणि त्यातला थोडा ती स्प्रिंग खाऊन टाकते. त्यात वजन वाढतं, आणि खडबडीत टायर डांबरावर घूं-घूं करत तुम्हाला मागे ओढतो. चिखलातून रानात जायचं असेल तर ठीक, रोज जालना रोडने जायला नको. त्यापेक्षा शॉकअप नसलेली, दीड इंचाच्या आसपास गुळगुळीत टायरची, सरळ हँडलची सायकल बघा.

ब्रेकचं मात्र नीट ऐका. साध्या रबरी ब्रेकला मी नाही म्हणत नाही, गावातला कुठलाही मिस्त्री तो दहा मिनिटांत नीट करून देतो. पण चाकाची रिम अ‍ॅल्युमिनिअमची पाहिजे. चकचकीत स्टीलच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेक नुसता घसरतो, आणि पुढे ट्रक थांबलेला असतो.

सगळ्यात जास्त वेळ मापाला द्या. सायकलवर बसा, एक पायडल पार खाली न्या, त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. पाय वाकलेलाच राहिला तर सीट वर घ्या. वर घेता घेता सीटच्या दांडीवरची खूण बाहेर आली, तर फ्रेम तुमच्यासाठी लहान आहे, दुसरी मागा. ‘चालून जाईल भाऊ’ हे दुकानदार म्हणणारच. गुडघा त्याचा दुखणार नाहीये. आणि गुडघा दुखायला लागला की महिनाभरात सायकल भिंतीला लागते.

बिल मागून घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय, बिलावर तेवढाच दिसला पाहिजे. सेकंड हँड घेतानाही मूळ बिल बघा आणि फ्रेमवरचा नंबर जुळवा, नाहीतर चोरीची गळ्यात पडायची. शिवाय मागचं चाक उचलून फिरवा, लचकतंय का बघा. फ्रेमच्या जोडावर नवा रंग दिसला तर खाली वेल्डिंग असू शकतं. ती सोडून द्या.

हातात सात हजार असतील तर सातची सायकल घेऊ नका. साडेपाचपर्यंतची घ्या आणि बाकीचे राखून ठेवा. मागे लाल लाईट, पुढे पांढरा लाईट, हेल्मेट, जाड कुलूप, कॅरिअर, हातपंप, पंक्चरचं सामान हे सगळं त्यातून बसवायचंय. पैसे कमी पडले तर कॅरिअर पुढच्या पगारावर ढकला, लाईट नाही. दुसरी शिफ्ट सुटल्यावर रात्री अकरानंतर जालना रोडवर मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही फक्त त्या लाल लाईटमुळे दिसता. अंगात गडद जॅकेट असेल तर रेडियमची पट्टी शिवून घ्या. उलट्या बाजूने यायचं नाही, शॉर्टकट असला तरी. समृद्धीवर तर सायकलीला परवानगीच नाही. आणि चालवताना कानात इअरफोन नकोत, आमचा पॉडकास्ट सुद्धा घरी जाऊन ऐका.

पंक्चरचं सामान कशाला, असं वाटेल. रस्त्याची कड धरून चाललात की बाभळीचे काटे आणि सराटे भेटतात. रात्री साडेअकराला पंक्चरवाला उघडा नसतो. ट्यूब बाहेर काढून ठिगळ लावायचं एकदा घरी, उजेडात करून बघा. चाक परत बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायचा. तो आतच राहिला तर शंभर मीटरवर पुन्हा हवा जाते.

मडगार्ड चाकाला फार चिकटलेलं घेऊ नका, मध्ये बोटभर जागा पाहिजे. काळी माती ओली झाली की त्यात अडकून चाक जाम होतं. हवा आठवड्यातून एकदा भरा. किती भरायची ते टायरच्या बाजूलाच लिहिलेलं असतं.

आणि पहिला फेरा सुट्टीच्या दिवशी मारा, गेटपर्यंत जाऊन परत. येताना सिक्युरिटीवाल्या काकांना विचारून ठेवा, सायकल लावायला शेड कुठे आहे.