शाळेचे लॉकर : पत्रा मिलिमीटरमध्ये मोजा, किल्लीचा हिशेब ठेवा

शाळेत मुलांसाठी लॉकर ही आता फक्त बड्या शाळांची चैन राहिलेली नाही. दप्तराच्या ओझ्याचा प्रश्न जुना आहे. १९८९ साली आर. के. नारायण यांनी राज्यसभेत मुलांच्या पाठीवरच्या ओझ्याविषयी भाषण केले. पुढे प्रा. यशपाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली व १९९३ साली तिचा अहवाल आला. महाराष्ट्र शासनाने जुलै २०१५ मध्ये दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा निर्णय काढला. २०२० च्या केंद्रीय दप्तर धोरणातही हेच प्रमाण ठेवलेले आहे. त्यात पहिली-दुसरीच्या दप्तराचे वजन १.६ ते २.२ किलो आणि नववी-दहावीच्या दप्तराचे २.५ ते ४.५ किलो असावे असे सांगितले आहे. हे साधायचे तर काही वह्या-पुस्तके शाळेतच राहिली पाहिजेत, आणि ती राहायची तर त्यांना सुरक्षित जागा पाहिजे.

आमच्या वाचकांचा या विषयाशी दोन बाजूंनी संबंध येतो. पत्र्याची कपाटे करणारे, वेल्डिंगवाले, सुतार, पावडर कोटिंगवाले आणि कुलपांचे व्यापारी हे माल देणाऱ्या बाजूला आहेत. त्याचबरोबर आपल्यापैकी अनेक जण शिक्षणसंस्थांच्या समित्यांवर बसून खरेदीच्या कागदावर सही करतात. दोघांनाही एकच गोष्ट ठाऊक असणे जरुरीचे आहे. लॉकरची परीक्षा माल उतरवतानाच्या चकाकीवर होत नाही. तो पाचव्या पावसाळ्यात उभा आहे का आणि त्याची किल्ली सापडते का, यावर होते.

आधी गरज ठरवा

पहिला प्रश्न किती लॉकर हा नसून कोणासाठी लॉकर हा आहे. पहिली ते चौथीच्या मुलांना स्वतंत्र कुलपाची गरज नसते. त्यांच्यासाठी वर्गातच उघडे कप्पे करावेत, त्यांवर नाव किंवा चित्र लावावे. हे काम सुतार उत्तम करतो व खर्चही थोडा येतो. पाचवीपासून पुढे दार आणि कुलूप लागते.

दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी विशेष विचार करावा. एकाच वर्गात सकाळी एक आणि दुपारी दुसरा विद्यार्थी बसतो. अशा ठिकाणी वर्गातील बाकांइतके लॉकर घेतले तर निम्मी मुले वंचित राहतात व भांडणे होतात. मोठ्या कप्प्यांऐवजी लहान कप्पे दुप्पट घ्यावेत व दोन्ही पाळ्यांच्या दारांना वेगळा रंग द्यावा. वह्या, दोन-चार पुस्तके, डबा व कंपास यांना ३०० मिमी रुंद, ४०० मिमी खोल आणि ४२० मिमी उंच कप्पा पुरतो.

माल कोणता घ्यावा

आपल्याकडे चार पर्याय दिसतात. पार्टिकल बोर्ड सर्वांत स्वस्त, परंतु पाणी लागले की फुगतो आणि एकदा फुगला की स्क्रू धरत नाही. शाळेची फरशी रोज पुसली जाते, तेव्हा जमिनीलगतच्या कामाला हा माल नकोच. प्लायवुड घ्यायचे तर आयएस ३०३ मधील बीडब्ल्यूआर दर्जाचे घ्यावे. ओलीच्या जागी आयएस ७१० चे मरीन प्लाय घ्यावे. कॉम्पॅक्ट लॅमिनेट आणि जाड प्लॅस्टिकचे लॉकर पाण्याला दाद देत नाहीत, परंतु महाग पडतात. पोहण्याच्या तलावाजवळ किंवा व्यायामशाळेत ते योग्य, सर्वसाधारण वर्गासाठी नव्हेत.

उरतो पोलादी पत्रा. बहुतेक शाळांना तोच परवडतो. तो वाकला तर सरळ करता येतो, गंजला तर तेवढा भाग बदलता येतो, आणि वीस वर्षांनी भंगारात गेला तरी पैसे देऊन जातो. पर्यावरणाचा विचार म्हणून आज जे सांगितले जाते त्यातील मोठा भाग आपले कारागीर पूर्वीपासून करत आले आहेत. टिकाऊ करणे, दुरुस्त करणे आणि टाकाऊ माल पुन्हा वितळवायला पाठवणे, हेच ते. म्हणून शाळेने शक्यतो नट-बोल्टने जोडलेले लॉकर मागावेत. दार, मागचा पत्रा किंवा तळ सुटा काढून बदलता येतो, आणि अरुंद जिन्यातून माल वर नेणेही सोपे जाते. जुने लॉकर असलेल्या शाळेने नवे घेण्याआधी दारे बदलून व पुन्हा कोटिंग करून घेण्याचा दर अवश्य विचारावा. लहान कारखान्याला हा नियमित धंदा होऊ शकतो.

गेजचा घोळ

या धंद्यात प्रामाणिक कारागिराचे सर्वांत जास्त नुकसान एका शब्दाने होते. तो शब्द म्हणजे 'गेज'. गेजच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. एका पद्धतीत २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी, तर दुसऱ्या पद्धतीत ०.७९ मिमी. त्यावर रंग चढला की खालचा पत्रा २२ चा आहे की २४ चा हे डोळ्यांना कळत नाही. ज्याने पातळ पत्रा धरला त्याचे कोटेशन कमी येते, आणि ज्याने सांगितला तसा पत्रा लावला तो ऑर्डर गमावतो. शाळेला मात्र दोन वर्षांत दारे वाकलेली दिसू लागतात.

यावर उपाय सोपा आहे. मागणीपत्रात आणि कोटेशनमध्ये गेज लिहूच नये. 'सीआरसीए पत्रा, अंग ०.८ मिमी, दार ०.९ मिमी' असे मिलिमीटरमध्ये लिहावे. त्यासोबत रिकाम्या लॉकरचे वजनही लिहून घ्यावे. वजन खोटे बोलत नाही.

हिशेब असा करावा. १ मिमी जाडीच्या १ चौरस मीटर पोलादी पत्र्याचे वजन ७.८५ किलो भरते. ९०० मिमी रुंद, १६८० मिमी उंच, ४०० मिमी खोल असा बारा दारांचा लॉकर धरा. बाजू, पाठ, मधले पडदे, फळ्या आणि दारे मिळून सुमारे ७.५ चौरस मीटर पत्रा होतो. दुमडी व पट्ट्या धरून तो ९ चौरस मीटरपर्यंत जातो. सगळा पत्रा ०.८ मिमीचा असेल तर वजन सुमारे ५६ किलो येईल, ०.६ मिमीचा असेल तर सुमारे ४२ किलो. एका लॉकरमागे १४ किलोंचा फरक. वीस लॉकरांच्या ऑर्डरीत हा फरक २८० किलो पत्र्याचा होतो. आपल्या बाजारातील आजच्या भावाने त्याला गुणून पाहावे, म्हणजे 'इतके स्वस्त कसे?' या प्रश्नाचे उत्तर मिळेल.

माल उतरताना कोणताही एक लॉकर उचलून काट्यावर ठेवावा. मुलांची दप्तरे वजन करून पाहणाऱ्या शाळेला लॉकर वजन करून घेण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. चोख माल देणाऱ्या कारागिराने तर स्वतःच पुढे होऊन सांगावे, 'साहेब, तोलून घ्या.' कोटेशनमधील ही एक ओळ त्याची सर्वांत चांगली जाहिरात ठरते.

लॉकर कुठून बिघडतो

लॉकर खालून कुजतो. फरशी पुसण्याचे पाणी, फिनाईल, पावसाळ्यात ओल्या छत्र्या आणि रेनकोट, हे सगळे तळाशी साचते. त्यासाठी तळ जमिनीपासून १५० मिमी वर असावा, पायांना नायलॉनचे बूट असावेत व सर्वांत खालच्या फळीला पाणी निघून जाण्यास बारीक छिद्रे असावीत. ओल्या वस्तूंसाठी वर्गाबाहेर वेगळी खुंटाळी केली तर लॉकरचे आयुष्य वाढते.

कोटिंगपूर्वीची धुलाई हा दुसरा मुद्दा. तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेट करणे, पॅसिव्हेशन आणि मधली पाण्याची धुणी मिळून यास सात टाक्यांची पद्धत म्हणतात. ही न करता नुसते कापडाने पुसून पावडर मारली तर पहिल्या वर्षी रंग झकास दिसतो, नंतर पापुद्रे निघतात. वर्गाच्या आत असलेल्या लॉकरला ५० ते ७० मायक्रॉनचा थर पुरेसा आहे. उघड्या व्हरांड्यात ऊन लागत असेल तर शुद्ध पॉलिएस्टर पावडर मागावी, कारण इपॉक्सी मिसळलेली पावडर उन्हात फिकी पडते. रत्नागिरी, रायगडसारख्या खारट दमट हवेत जस्ताचा पत्रा घेणे फायद्याचे. परंतु वेल्डिंगने जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो, म्हणून अशा कामात रिव्हेट किंवा बोल्ट वापरावा.

तिसरी जागा बिजागरीची. मुले दाराला लोंबकळतात हे गृहीत धरूनच काम करावे. दाराच्या मागे आडवी पट्टी असावी आणि बिजागरीचा गज आत लपलेला असावा, म्हणजे बाहेरून ठोकून काढता येणार नाही. हवेसाठी झरोके हवेतच, पण त्यांची फट पेन्सिलीच्या जाडीहून बारीक ठेवावी. विसरलेल्या डब्याच्या वासाने उंदीर येतात.

कुलूप आणि किल्ली

कपाट म्हटले की 'गोदरेज' हा शब्द आपल्या तोंडी बसला आहे. त्या कारखान्याची सुरुवात १८९७ साली मुंबईत झाली ती कुलपांपासून. अलिगढचे कारागीर तर पिढ्यान्‌पिढ्या कुलपांवर जगत आले आहेत. तरीही शाळांच्या लॉकरमध्ये सर्वांत दुर्लक्षित राहते ते कुलूपच.

सर्वसाधारण शाळेस आमचा सल्ला असा की कडी-कोयंडा बसवून घ्यावा व कुलूप विद्यार्थ्याने आणावे. किल्ली हरवली तर एक छोटे कुलूप तुटते, दार शाबूत राहते. दारातच बसवलेले कॅम लॉक दिसायला नीट असते, पण ते घेताना तीन अटी घालाव्यात. प्रत्येक दाराची किल्ली वेगळी असावी, सगळ्यांना चालणारी मास्टर किल्ली असावी, आणि कुलपाचे माप बाजारात मिळणारे असावे, जेणेकरून पाच वर्षांनी तेच कुलूप बदलून बसवता येईल. किल्लीवर दाराचा क्रमांक कोरू नये. वेगळा क्रमांक द्यावा व दोहोंचा मेळ कार्यालयातील वहीत असावा. नाहीतर सापडलेली किल्ली सरळ दार दाखवते. मास्टर किल्ली एकाच जबाबदार व्यक्तीकडे राहावी, आणि लॉकर उघडला तर तारीख व कारण वहीत नोंदवले जावे. दुसरा मोठा माणूस हजर असावा हेही बरे, म्हणजे आरोपाला जागा उरत नाही.

आकड्यांच्या कुलपाला किल्ली लागत नाही. परंतु तीन आकडी कुलपाच्या जुळण्या अवघ्या १००० असतात आणि मधल्या सुट्ट्या पुष्कळ. घ्यायचेच तर चार आकडी घ्यावे. कार्डाने किंवा बटनांनी उघडणारी बॅटरीची कुलपे आधुनिक खरी. ती घेण्यापूर्वी दोनशे दारांच्या बॅटऱ्या कोण बदलणार, बॅटरी संपल्यावर साध्या किल्लीने दार उघडते का, आणि सुटे भाग पुढे मिळतील का, हे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर साधे कुलूप हीच शहाणी निवड.

मुलांचा जीव आधी

सामानाच्या सुरक्षिततेपूर्वी मुलांची सुरक्षितता. उंच लॉकर भिंतीला बोल्टने आवळलाच पाहिजे. एकाच वेळी सगळी दारे उघडून एखादे मूल लोंबकळले तर सुटा लॉकर अंगावर येतो. पत्र्याच्या कडा दुमडलेल्या असाव्यात. कप्पा इतका मोठा नसावा की मूल आत लपून बसेल. सर्वांत वरचे दार त्या इयत्तेच्या मुलाच्या हाताला पोहोचले पाहिजे. जिन्याचे तोंड किंवा बाहेर पडण्याची वाट लॉकरने अडता कामा नये. २००४ साली कुंभकोणमच्या शाळेला लागलेल्या आगीत ९४ मुले गेली. शाळेत बाहेर पडण्याचा रस्ता किती मोलाचा असतो हे त्यानंतर कोणाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

व्यवहार लेखी ठेवा

शाळांच्या कामात कारागीर फसतो तो बहुधा वसुलीत. ओळखीच्या संस्थेकडे कागद मागायला संकोच वाटतो, आणि बिल एका सत्रातून दुसऱ्या सत्रात ढकलले जाते. लहान कारखानदाराने माल देण्यापूर्वीच उद्यम नोंदणी करून ठेवावी. ती मोफत होते. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे अशा उद्योगाचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजाची तरतूद त्यात आहे. हा कायदा भांडणासाठी वापरण्याची वेळ येऊ नये, पण ऑर्डरीवर मुदत लिहिलेली असली की ती बहुधा येत नाही.

ऑर्डरीच्या कागदावर एवढे असावे : पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, लॉकरचे वजन, धुलाई व कोटिंगची पद्धत, कुलपाचा प्रकार व किल्ल्यांची संख्या, भिंतीला बसवून देण्याची जबाबदारी, दर जीएसटीसह की वगळून, अनामत किती, बाकी केव्हा, आणि दुरुस्तीची हमी किती वर्षे. पूर्ण ऑर्डरीआधी एक नमुना लॉकर करून शाळेत महिनाभर ठेवावा. मुले त्याची जी परीक्षा घेतात ती कोणताही इंजिनिअर घेऊ शकत नाही.

खरेदी करणाऱ्याने नुसता कमी आकडा पाहिला तर नुकसान शाळेचे होते, आणि चोख काम करणारा कारागीरही धंद्याबाहेर फेकला जातो. माप, वजन आणि मुदत या तिन्ही गोष्टी कागदावर आल्या की चांगल्या कामाला योग्य दाम मिळतो, आणि मुलाच्या पाठीवरचे दोन किलो ओझे खरोखरच उतरते.