नाव आहे, पत्ता नाही

२० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशीची दुपार. आपल्याकडच्या सव्वाबाराच्या सुमारास अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, ॲमेझॉनच्या संगणककेंद्रांच्या कारभारात एक नोंद रिकामी झाली आणि स्नॅपचॅट, सिग्नल यांच्यासह जगभरातल्या अनेक सेवा अडखळल्या. बातम्यांचे मथळे ‘इंटरनेट कोसळलं’ असे होते. प्रत्यक्षात कोसळलं काहीच नव्हतं. यंत्रं चालू होती, तारा शाबूत होत्या, माहिती जागच्या जागी होती. फक्त एका नावापुढचा पत्ता पुसला गेला होता.

त्यानंतर एका वाचकाचा प्रश्न आला. ते एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतला लिनक्स सर्व्हर सांभाळतात. त्यांचं म्हणणं असं, की आकड्यांचा पत्ता दिला तर यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोलतं, नाव दिलं की बोलत नाही. अशा वेळी शोध कुठून सुरू करायचा? प्रश्न लहान दिसतो, पण ॲमेझॉनच्या अभियंत्यांनाही त्या दिवशी याच वाटेनं जावं लागलं असणार. म्हणून सविस्तर लिहितो.

नावावरून पत्ता काढण्याच्या यंत्रणेला डीएनएस म्हणतात. तिची रचना समजून घ्यायला आपल्या सातबाराइतकं चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन अमुक गटाचा मालक कोण असं विचारलं, तर तिथून उत्तर मिळत नाही, तालुका मिळतो. तहसीलला गेलं की गाव कोणत्या तलाठ्याकडे आहे ते कळतं. खरी नोंद तलाठ्याच्या दप्तरात. डीएनएसमध्ये सर्वांत वरचे रूट सर्व्हर असेच फक्त दिशा दाखवतात. ‘डॉट इन’वाले अमुक ठिकाणी आहेत, एवढंच ते सांगतात. ‘डॉट इन’वाले त्या संस्थेच्या सर्व्हरकडे बोट दाखवतात, आणि अधिकृत उत्तर तिथेच मिळतं. आता दर वेळी एवढी पायपीट कोण करणार? म्हणून माणूस उताऱ्याच्या झेरॉक्स काढून घरात ठेवतो. मधले सर्व्हरही तेच करतात, मिळालेलं उत्तर जपून ठेवतात. मग एखाद दिवशी जमीन विकली जाते, फेरफार होतो, तलाठ्याकडची नोंद बदलते, आणि कपाटातली झेरॉक्स मात्र जुन्याच मालकाचं नाव सांगत राहते. बँकेतला कारकून ‘ताजा उतारा आणा’ म्हणतो तो यासाठीच. डीएनएसच्या प्रत्येक उत्तरावर असा ताजेपणाचा आकडा छापलेला असतो, सेकंदांत. त्याला टीटीएल म्हणतात. ३६०० लिहिलं असेल, तर तासभर ती प्रत चालेल, नंतर पुन्हा विचारून यायचं.

या रचनेचं श्रेय पॉल मोकापेट्रिस यांना मिळतं, आणि ते योग्यच आहे. नोव्हेंबर १९८३ मध्ये त्यांचे दोन मसुदे प्रसिद्ध झाले, आणि आजची यंत्रणा त्यांच्याच पायावर उभी आहे. पण त्याआधी बारा वर्षं नावं होतीच, आणि ती सांभाळणारी माणसंही होती. १९७१ मध्ये मायटर या संस्थेतल्या पेगी कार्प यांनी इंटरनेटचं पूर्वरूप असलेल्या आर्पानेटवरच्या यंत्रांची नावं सगळीकडे सारखी असावीत म्हणून एक यादी सुचवली. पुढे ही यादी कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांच्या गटाकडे आली. फाइनलर मूळच्या रसायनशास्त्राच्या. रासायनिक संशोधनाच्या सूचीचं काम केलेल्या. नव्या यंत्राला नाव हवं असेल तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं, तिथे ते यादीत चढायचं, आणि जाळ्यावरची सगळी यंत्रं ती एकच फाइल अधूनमधून उतरवून घ्यायची. जाळं वाढलं तशी ती फाइल पुरेनाशी झाली, तेव्हा मोकापेट्रिस यांची रचना आली. ‘डॉट कॉम’, ‘डॉट एज्यु’, ‘डॉट गव्ह’ ही विभागणी ठरवण्यातही फाइनलर यांच्या गटाचा हात होता. संगणकशास्त्राच्या अभ्यासक्रमात मोकापेट्रिस भेटतात. कार्प आणि फाइनलर क्वचितच. वर्षानुवर्षं न कंटाळता, न चुकता यादी नीट ठेवणं हे शोध लावण्याहून कमी प्रतीचं मानलं गेलं, याची मला मनापासून खंत वाटते.

ही खंत इथे मांडण्याचं कारण आहे. त्या यादीचं बाळरूप आजही प्रत्येक युनिक्स यंत्रात ‘इटीसी’ या फोल्डरमध्ये ‘होस्ट्स’ नावानं बसलेलं आहे, आणि बहुतेक यंत्रांवर डीएनएसच्या आधी त्या फाइलला विचारलं जातं. आधी फाइल की आधी डीएनएस, हा क्रम ‘एनएसस्विच डॉट कॉन्फ’ या दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलेला असतो. आमच्या वाचकांनी शोध सुरू करावा तो इथून. कधीतरी कुणीतरी चाचणीसाठी होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकतो, काम भागतं, माणूस नोकरी बदलतो, ओळ तिथेच राहते. दोन वर्षांनी समोरच्या सर्व्हरचा पत्ता बदलतो आणि हे एकच यंत्र जुन्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत बसतं.

हे पकडायला सोपी युक्ती आहे. ‘डिग’ ही आज्ञा थेट डीएनएसला विचारते, होस्ट्स फाइलकडे ढुंकूनही पाहत नाही. ‘एनएसलुकअप’ही तसंच. ‘गेटएंट होस्ट्स’ ही आज्ञा मात्र यंत्रावरचे बाकीचे प्रोग्रॅम ज्या वाटेनं जातात त्याच वाटेनं जाते. दोघांना एकच नाव विचारायचं. उत्तरं वेगळी आली, तर बिघाड आपल्याच घरात आहे. कितीतरी हुशार माणसं ‘डिग तर बरोबर सांगतोय’ म्हणत तासन्‌तास बाहेरच्या जगात चूक शोधत राहतात.

पुढची पायरी ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’. नाव विचारायला कुणाकडे जायचं ते यात लिहिलेलं असतं, जास्तीत जास्त तीन पत्ते. अलीकडच्या अनेक लिनक्स यंत्रांवर तिथे १२७.०.०.५३ असा पत्ता दिसतो. म्हणजे यंत्र स्वतःमधल्याच एका मध्यस्थाला विचारतं, आणि खरी यादी त्या मध्यस्थाकडे असते. या फाइलमुळे होणारा एक बिघाड मला फार आवडतो, कारण तो बिघाडासारखा दिसतच नाही. सगळं चालतं, पण संथ. लॉगिनला वेळ लागतो, मेल थांबून थांबून जाते, माणसं सर्व्हर म्हातारा झाला म्हणून नवा घेण्याच्या गोष्टी करू लागतात. घड्याळ लावून पाहिलं, तर प्रत्येक अडखळ जवळजवळ बरोबर पाच सेकंदांची निघते. पाच हा आकडा दिसला की समजावं, यादीतला पहिला पत्ता मेलेला आहे. यंत्र त्याला विचारतं, ठरलेले पाच सेकंद वाट पाहतं, मग दुसऱ्याला विचारतं आणि उत्तर मिळवतं. पहिल्यानं आत्ताच दगा दिला हे ते लक्षात ठेवत नाही. पुढच्या प्रश्नाला पुन्हा त्याच्याच दारात जाऊन उभं राहतं.

घरातलं सगळं ठीक असेल, तर मग बाहेर पडायचं. ‘डिग’ला ‘प्लस ट्रेस’ जोडून चालवलं, की तो मधल्या सगळ्या झेरॉक्स बाजूला ठेवून रूटपासून खाली एकेका पायरीवर स्वतः विचारत जातो. आणि ‘@’ या चिन्हापुढे एखाद्या सर्व्हरचा पत्ता दिला, तर नेमकं त्यालाच विचारतो. अधिकृत सर्व्हर एक सांगतोय आणि मधला दुसरं, तर प्रत जुनी आहे. थांबायचं किंवा मधल्याची साठवण पुसायची.

खरं कौशल्य लागतं ते नकार वाचायला. ‘एनएक्सडोमेन’ असा नकार आला, तर असं नावच अस्तित्वात नाही, असं अधिकारानं सांगितलं गेलंय. बहुतेक वेळा टाइप करताना चूक झालेली असते किंवा नोंदणीचं नूतनीकरण राहिलेलं असतं. ‘रिफ्यूज्ड’ म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पण तुम्हाला उत्तर देण्याची परवानगी त्याला नाही. ‘सर्व्हफेल’ वेगळा: मी विचारायचा प्रयत्न केला, मला उत्तर मिळवता आलं नाही किंवा मिळालेल्यावर विश्वास ठेवता आला नाही. आणि कधी काहीच येत नाही, निव्वळ शांतता; तेव्हा संशय फायरवॉलचा किंवा वाटेचा.

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री, आपल्याकडचे नऊ वाजून गेल्यावर, फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास गायब झाले, तेव्हा बाहेरून विचारणाऱ्यांना ‘सर्व्हफेल’ मिळत होतं. फेसबुकचे नाव सांगणारे सर्व्हर जिवंत होते. देखभालीच्या एका आज्ञेनं कंपनीचं अंतर्गत जाळं तुटलं, मुख्य केंद्रांशी संपर्क नाही असं पाहून त्या सर्व्हरांनी शहाण्यासारखं स्वतःकडे येणाऱ्या वाटांची घोषणाच मागे घेतली, आणि जगाला त्यांच्यापर्यंत पोहोचता येईना. ‘नाव नाही’ हा नकार साठवून ठेवला जातो, ‘उत्तर मिळालं नाही’ हा फारसा साठवला जात नाही. त्यामुळे कोट्यवधी मोबाइल पुन्हा पुन्हा विचारत राहिले, आणि नावं शोधून देणाऱ्या क्लाउडफ्लेअरनं त्या काळात नेहमीच्या ३० पट प्रश्न येत असल्याचं नोंदवलं.

ॲमेझॉनचा प्रकार त्याहून विलक्षण. तिथे त्यांच्या डायनॅमोडीबी या सेवेच्या नावापुढचे पत्ते माणसं लिहीत नाहीत. एक प्रोग्रॅम पत्त्यांचा आराखडा बनवतो, आणि एकमेकांपासून स्वतंत्र असलेले तीन प्रोग्रॅम तो लागू करतात. त्या दिवशी यांतला एक रेंगाळला. तेवढ्यात दुसऱ्यानं नवा आराखडा लागू केला आणि जुन्यांची साफसफाई सुरू केली. रेंगाळलेल्यानं नेमका त्याच क्षणी आपला शिळा आराखडा नव्यावर चढवला, आणि साफसफाई करणाऱ्यानं तो जुना म्हणून पुसला. उरलं नुसतं नाव, त्यापुढे एकही पत्ता नाही. ती नोंद दुरुस्त व्हायला आपल्याकडचे तीन वाजत आले, आणि तिच्यामुळे साखळीनं बिघडलेलं सगळं सावरायला दुसरा दिवस उजाडायची वेळ आली.

अभियंत्यांमध्ये ‘दोष नेहमी डीएनएसचाच’ असं म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते अन्यायाचं वाटतं. फेसबुकच्या वेळी तुटलं ते जाळं होतं; ॲमेझॉनच्या वेळी डीएनएसनं जे सांगितलं गेलं ते तंतोतंत जगाला सांगितलं. स्वीडनमध्ये १२ ऑक्टोबर २००९ ला तर एका टिंबावरून घोटाळा झाला. नोंदवहीत पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्यायचं असतं. ते नसेल तर सर्व्हर नाव अपुरं समजून त्यापुढे आपल्या क्षेत्राचं नाव जोडतो. नोंदी तयार करणाऱ्या प्रोग्रॅमकडून ते टिंब सुटलं आणि ‘डॉट एसई’वरची लाखो नावं एकदम सापडेनाशी झाली. नोंदी दुरुस्त झाल्या तरी चुकीच्या प्रती जगभरच्या साठवणीत काही काळ राहिल्याच. ‘क्लाउडवर आहे म्हणजे कधी बंद पडणार नाही’ असं विकणाऱ्यांनी हे टिंब आठवावं.

आपल्या भाषेतलं नाव शोधणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. ऑगस्ट २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ हे क्षेत्र उपलब्ध आहे, मराठीसाठीही. मात्र डीएनएसच्या आत ते रोमन अक्षरांच्या वेषात फिरतं; ‘भारत’चं तिथलं रूप ‘एक्सएन--एच२बीआरजे९सी’ असं दिसतं. सर्व्हरच्या लॉगमध्ये असं काही आढळलं, तर कुणी हल्ला केला म्हणून घाबरू नये.

आमच्या वाचकांनी पत्राच्या शेवटी आणखी एक विचारलंय: नवीन नाव नोंदवलं, अधिकृत सर्व्हर बरोबर उत्तर देतोय, तरी आमच्या यंत्राला ते ‘नाही’ म्हणून का सांगितलं जातंय? बहुधा नोंद होण्याआधीच त्यांनी उतावीळपणे ते नाव विचारून पाहिलं असणार. तेव्हा मिळालेला नकार मधल्या सर्व्हरनं जपून ठेवलाय. नकार किती वेळ जपायचा, हे १९९८ च्या नियमानुसार त्या क्षेत्राच्या ‘एसओए’ नावाच्या नोंदीतला शेवटचा आकडा ठरवतो. त्या नोंदीचा स्वतःचा टीटीएल त्याहून कमी असेल, तर तो. ‘डिग’नं ‘एसओए’ विचारून तो आकडा पाहावा. तिथे ८६४०० असेल, तर नकार मिळाल्यापासून जास्तीत जास्त एक दिवस वाट पाहावी लागेल, किंवा मधल्या सर्व्हरची साठवण पुसून घ्यावी.