मधुमेही मांजराचें अन्न आणि इन्सुलिन

इन्सुलिनचा शोध १९२१ सालीं टोरोंटो येथें लागला. मनुष्यास जीवदान देणारें तेंच औषध आज मधुमेही मांजरासही बहुधा दिवसांतून दोनदां टोचतात. परंतु अंगांत इन्सुलिन आणि पोटांत अन्न नाहीं, अशी स्थिति आली कीं रक्तांतील साखर एकाएकीं उतरते; जनावर लटपटतें, त्यास झटके येतात, प्रसंगीं तें दगावतें. म्हणून आधीं वाटी पहावी, मग सुई उचलावी.

मांजर अन्नाजवळ येऊन ओठ चाटतें, लाळ गाळतें व तोंड फिरवितें, तेव्हां तो हट्ट नसून मळमळ असते. स्वादुपिंडाचा दाह किंवा रक्तांत साचलेले कीटोन हीं तिचीं गंभीर कारणें होत. अशा वेळीं नेहमींची पूर्ण मात्रा टोचूं नये. पण इन्सुलिन आपल्या मनानें बंदही करूं नये, कारण त्यानें कीटोन वाढतात. मात्रा पशुवैद्यास विचारूनच ठरवावी. मळमळीवर मॅरोपिटंट आणि भुकेसाठीं मिर्टाझापीन हीं औषधेंही त्याच्याच सल्ल्यानें द्यावीं.

अन्न किंचित् कोमट करून थोडें थोडें द्यावें. कांदा-लसणाचा रस्सा मात्र मांजरास विषारी आहे. शेगांवच्या उन्हाळ्यांत ओलें अन्न लवकर नासतें. उरलेलें लगेच काढावें.

कंप किंवा ग्लानि दिसतांच हिरड्यांवर मध चोळावा व दवाखाना गांठावा. शेगांवाहून रेल्वेनें जवळच असलेल्या अकोल्यास पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे. मांजराचा उपास दोन-तीन दिवस लांबला तर यकृतांत चरबी सांचते. तेव्हां उद्यां खाईल म्हणून वाट पाहणें बरें नव्हे.