रेटा आणि उलटा रेटा

पावसाळ्याचे दिवस. काळ्या मातीचा चिखल. भरलेली बंडी चिखलात रुतते. बैल माना ताणतात, पण त्यांचे खूर मागे घसरतात. धनी काठी उगारतो. तरी बंडी जागची हलत नाही. बैलांनी जोर तर पुष्कळ लावला. मग तो गेला कुठे?

हे समजायला एक सोपी गोष्ट करून पाहा. भिंतीला दोन्ही हात लावा आणि जोराने रेटा. तुमचे तळहात दबतात. पायाखाली ओली फरशी असेल, तर तुम्हीच मागे सरकता. तुम्हाला मागे कोणी ढकलले? भिंतीने! तुम्ही भिंतीला रेटा दिला, भिंतीने तुम्हाला उलटा रेटा दिला.

जेवढा रेटा, तेवढाच उलटा रेटा. दोन्ही एकाच वेळी. दिशा मात्र उलट. न्यूटन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने हा नियम १६८७ साली आपल्या ग्रंथात मांडला. शाळेच्या पुस्तकात रेट्याला ‘क्रिया’ आणि उलट्या रेट्याला ‘प्रतिक्रिया’ म्हणतात. घरी शाळेत जाणारी मुले असतील, तर त्यांना विचारून पाहा.

आपण चालतो तेही असेच. पाय जमिनीला मागे रेटतो. जमीन आपल्याला पुढे रेटते. शेवाळावर पाय मागे सटकतो. जमिनीला रेटा देता येत नाही, म्हणून उलटा रेटाही मिळत नाही.

आता बंडीकडे वळू. बैल बंडीला पुढे ओढतात. बंडीही बैलांना तेवढ्याच जोराने मागे ओढते. कोणी म्हणेल, “मग बंडी चालते कशी?” बैलांच्या खुरांकडे पाहा. खूर जमिनीला मागे रेटतात आणि जमीन बैलांना पुढे रेटते. जमिनीचा हा रेटा बंडीच्या ओढीपेक्षा जास्त झाला, की बैल पुढे सरकतात. त्यांच्यामागे बंडीही निघते. चिखलात खूर घसरतात. जमिनीचा रेटा मिळत नाही. मग बैलांना मारून काय होणार? त्यापेक्षा खुरांखाली पऱ्हाट्या, तुराट्या किंवा मुरूम टाका. चाकापुढचा चिखल काढा. थोडे ओझे उतरवा. पाय रोवायला जागा मिळाली, की तेच बैल बंडी बाहेर काढतील.

वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांना डोंगा ठाऊक आहे. वल्हे पाणी मागे लोटते, पाणी डोंग्याला पुढे लोटते. पण काठावर उतरताना जपावे लागते. उडी घेताना तुमचा पाय डोंग्याला मागे रेटतो. डोंगा पाण्यावर तरंगतो, त्याला धरून ठेवणारे काही नसते. तो चटकन मागे सरकतो. पायाखालचा आधारच गेला, म्हणून तुम्हाला पुढे पुरता रेटा मिळत नाही. माणूस काठावर न पोचता मध्येच पाण्यात पडतो. डोक्यावर ओझे किंवा कडेवर मूल असले, तर जिवावर बेतते. म्हणून आधी डोंगा दोराने खुंटीला बांधू द्या. मगच एकेकाने सावकाश उतरा.

दिवाळीचा बाण वर कसा जातो? दारू पेटते. तिचा धूर आणि वायू जोराने खाली फेकले जातात. ते बाणाला वर रेटतात. मोठी रॉकेटेही अशीच उडतात. काही लोकांना वाटते, की रॉकेट हवेला रेटून वर जाते. तसे नाही. खूप उंचावर हवा नसते, तरी रॉकेट तिथे चालते. ते आपल्याच पोटातला वायू मागे फेकते आणि पुढे जाते. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोटा येथून असेच एक रॉकेट चांद्रयान-३ घेऊन उडाले. २३ ऑगस्टला यान चंद्रावर उतरले. उतरतानाही त्याने वायू खाली फेकला. त्याचा उलटा रेटा मिळाला, म्हणून ते आदळले नाही, हळूच टेकले.

बंडीचे बैल असोत की चंद्रावर जाणारे यान असो, नियम एकच. पुढे जायचे तर काहीतरी मागे रेटावे लागते. तेव्हा बंडी अडली, की काठी उगारण्याआधी बैलांच्या पायांखाली पाहा.